संगीत घोरासुराच्या गावी

मालवणला चार दिवस राहून आलो आणि किल्ला पाहिला नाही, हे सांगितल्यापासून आमच्या कॉलनीतले लोक माझ्याकडे जरा संशयानं बघतात. जळगावहून एवढ्या लांब जाऊन केलंत काय, असं विचारतात. नाटकाला नाव द्यायला गेलो होतो, असं मी खरं तेच सांगतो. त्यानं संशय वाढतोच. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतो आहे.

मी शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर कुणी बाग करतं, कुणी योगासनं करतं; मी संगीत नाटकांची नावं जमवायला लागलो. नाटकं नव्हेत, नुसती नावं. त्यावर गेल्या वर्षी आमच्या वाचनालयात दीड तास बोललोही. नावाआधी 'संगीत' हा शब्द का लावतात, नायिकेचं नाव नाटकाला दिलं की नायक का रुसतो, बोलपट नवे होते तेव्हा जाहिरातीत नावापेक्षा गाण्यांची संख्या मोठी का छापत, परदेशातल्या संगीतिका नुसत्या एखाद्या गावाच्या नाहीतर रस्त्याच्या नावावर वर्षानुवर्षं कशा चालतात, असं सगळं त्यात होतं. भाषण संपलं तेव्हा सभागृहात मोजकी माणसं उरली होती आणि त्यातली एक माझी बायको प्रमिला होती. वाचनालयाच्या चिटणीसांनी ते भाषण इंटरनेटवर टाकलं. मी ते विसरूनही गेलो होतो.

एप्रिलच्या शेवटी एका अनोळखी नंबरवरून फोनवर निरोप आला. बाईचा आवाज होता, खणखणीत.

"नमस्कार मास्तरानु. मी मालवणसून सुलभा बोलतंय. माशे इकतंय. तुमचा भाषण मी तीन येळा आयकलंय. मी एक संगीत नाटक लिवलंय. तेच्या नावावरना माझो घोव घर सोडून गेलो. नाटक रविवारी आसा. नाव बदलूक व्हया, पण अर्थ बदलूक नको. तुमी येवा."

मी निरोप प्रमिलाला ऐकवला. ती म्हणाली, "तुमचं भाषण तीन वेळा ऐकलंय, म्हणजे बाईची अडचण खरीच आहे." आणि तिनं बॅग काढली.

कुडाळ, मग वालावल

शुक्रवारी सकाळी कुडाळ स्टेशनावर आम्हाला घ्यायला एक काटकुळे गृहस्थ आले होते. त्यांचं नाव नाना. राहणारे वालावलचे, आणि नाटकात पेटी वाजवणारे. त्यांच्याकडे एक जुनी व्हॅन होती. तिचं मागचं दार दोरीनं बांधलेलं असल्यामुळे आमच्या बॅगा पुढच्या दारातून आत जाऊन मागे पोचल्या. पेटी घरी राहिली होती म्हणून आधी वालावलला जायचं ठरलं.

आमच्याकडे केळीच्या बागा असतात त्या रांगेत, ओळीनं, एका उंचीच्या. वालावलला केळ, सुपारी, नारळ आणि मिरीचा वेल हे सगळे एकमेकांच्या अंगावर रेलून उभे होते आणि त्याबद्दल कुणाची तक्रार दिसत नव्हती. लक्ष्मीनारायणाच्या देवळामागे तळं आहे. त्यात देवळाचं आणि माडांचं प्रतिबिंब इतकं स्थिर होतं, की प्रमिला म्हणाली, "इथे मोठ्यानं बोलू नका, हलेल." नाना पेटी घेऊन येईपर्यंत आम्ही पायरीवर गप्प बसून राहिलो. परत आल्यावर नानांनी आमच्या मांडीवर पेटी ठेवली, कारण मागे आता जागा नव्हती.

गाडी खाडीच्या पुलावर आली तेव्हा मी विचारलं, "नाना, नाटकाचं सध्याचं नाव काय आहे?"

"'संगीत घोरासुर'," नाना म्हणाले.

"चांगलं आहे की."

"नाव बराच आसा. फोटो वायट."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सुलभाताईंचं नाटक म्हणजे एका राक्षसाची गोष्ट. हा राक्षस समुद्राच्या काठी झोपतो आणि त्याच्या घोरण्यानं तिन्ही लोकांची झोप उडते. त्यांचे यजमान गजाननराव होडीचे मालक आणि गावातले सगळ्यात चांगले गाणारे, त्यामुळे राक्षस तेच. सुलभाताई नाटक एकेक अंक लिहून नटांना देत होत्या. पहिले तीन अंक राक्षस तपश्चर्या करतो, युद्ध करतो, भैरवीत गातो. चौथ्या अंकात घोरतो. गजाननरावांनी तालमीत ते घोरणंही मन लावून केलं. तोपर्यंत नाटकाला नाव नव्हतं; सगळे नुसतं 'आमचा नाटक' म्हणत. मग कुडाळहून फ्लेक्सचा फलक छापून आला. त्यावर शिंगं लावलेले, तोंड उघडं ठेवलेले गजाननराव आणि त्यांच्या डोक्यावर मोठ्या लाल अक्षरांत नाव. तो तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, लावला.

"एका दिवसात अख्ख्या गावाक कळला," नाना म्हणाले. "आमका सगळ्यांका आधीच म्हायती होता. तेका एकट्याकच म्हायती नव्हता."

"काय माहीत नव्हतं?"

"की तो घोरता."

गजाननरावांनी फलक काढला, घडी घातली, काखेत मारला आणि ते देवगडला बहिणीकडे निघून गेले. त्याला आता तीन दिवस झाले होते.

यजमानांचं गाव

गावाचं नाव मी लिहीत नाही. तशी गजाननरावांची अट आहे आणि ती योग्यच आहे. मालवणपासून ते जवळ आहे, खाडीच्या तोंडाशी, एवढं पुरे.

सुलभाताई साठीच्या, ठेंगण्या, केसांत अबोलीचा गजरा. बाजारातून नुकत्याच आल्या होत्या. आम्हाला बसवून त्यांनी आधी कोकमाचं सरबत दिलं, मग घावणे आणि काळ्या वाटाण्याची आमटी वाढली. आमच्याकडे शेवभाजीत तेलाचा तवंग दिसला नाही तर पाहुणा मनातून रुसतो. इथे तिखट नारळाच्या आड लपून बसलेलं असतं आणि तिसऱ्या घासाला बाहेर येतं. मी पाणी मागितलं. सुलभाताईंनी सोलकढी दिली.

जेवण झाल्यावर मी वही काढली. गाडीत मी नावांची यादी केली होती.

"'संगीत निद्राभंग'," मी म्हणालो.

नानांनी नकाराची मान हलवली. "ह्या नाव आयकान कोण येवचो नाय. लोक नाटकाक निजाक तर येतत."

"'संगीत मंद्रसप्तक'. घोरणं मंद्र सप्तकातच असतं ना."

"सप्तक म्हणजे सात," सुलभाताई म्हणाल्या. "आमच्या नाटकात पाचच माणसां आसत."

"'संगीत सागरगर्जना'."

"मास्तरानु," त्या म्हणाल्या, "सागर खंय घोरता? घोरता तो माझो घोव."

शेजारच्या दोघी-तिघी दारात उभ्या होत्या. त्यांनी माना डोलावल्या. मी यादीतली पुढची चार नावं वाचलीच नाहीत. सुलभाताई म्हणाल्या, "तुमीच भाषणात सांगलास, नाव असा व्हया की आत काय आसा तां दारातच कळाक व्हया. म्हणान तर ह्या ठेवलंय."

स्वतःचं भाषण इतकं लक्ष देऊन ऐकणारं माणूस समोर असलं की वक्त्याची किती पंचाईत होते, हे मला पहिल्यांदाच कळलं.

प्रमिलानं मग मला सुचायला हवा होता तो प्रश्न विचारला. "ताई, त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला उभं करता येणार नाही का?"

"येतला," सुलभाताई म्हणाल्या. "पण मगे माका नाटक करूचा नाय." त्या ताटं उचलून आत गेल्या. नाना हळूच म्हणाले, की या बाई तीस वर्षं दुसऱ्यांच्या नाटकांना विंगेत बसून शब्द पुरवत आल्या आहेत. हे त्यांचं पहिलं नाटक. मुंबईहून चाकरमानी देवळाच्या वर्धापनदिनाला आले आहेत, ते सोमवारी परत जाणार. रविवार चुकला की गेलंच.

"पाचवा अंक काय आहे?" मी विचारलं.

"तो तिणा कोणाक दाखवक नाय. ज्यांचा तेच्यात काम आसा, तेंका फक्त तेंचे कागद दिल्यान."

म्हणजे आता देवगडला जाऊन राक्षसाला आणणं एवढंच उरलं होतं.

देवगड

शनिवारी सकाळी व्हॅननं निघालो आणि दहाच्या सुमाराला गजाननरावांच्या बहिणीच्या, शालिनीताईंच्या बागेत पोचलो. हापूसचा हंगाम भरात होता. मांगरात, म्हणजे बागेतल्या कौलारू खोपटात, बायका बसून पेट्या भरत होत्या. पेंढ्याचा थर, आंब्यांचा थर, पुन्हा पेंढा. आंबे इतक्या अलगद ठेवत होत्या, की आमच्याकडे केळीचे घड ट्रकमध्ये कसे टाकतात ते आठवून मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. अंगणात कोकमाची सालं वाळत घातली होती आणि ती ज्याच्यावर घातली होती तो नाटकाचा फलक होता. राक्षसाचं नाक आणि अर्धी मिशी कोकमाच्या रसानं जांभळी झाली होती.

"ह्या बरा जाड आसा," शालिनीताई म्हणाल्या. "वाळवक येकदम बरा."

गजाननराव आंब्याखाली खाटेवर बसले होते. देह दारात मावणार नाही असा, आणि आवाज अगदी मऊ. मी नाव सांगितलं, जळगावहून आलो म्हणालो. त्यांनी उठून जागा दिली.

"तीस वर्षां मी दर्यात जातंय," ते म्हणाले. "वारो बगलंय, वादळ बगलंय. कोण माका हसलो नाय. आता बाजूच्या होडयेतले इचारतत, 'घोरासुरानु, जाळा टाकूया काय?'"

"राक्षसाचं काम करण्याबद्दल तुमची तक्रार नाही ना?"

"राक्षस बरो असता. राक्षसाक मान असता. तुमी फक्त नावातलो 'घोर' काढा. 'संगीत असुर' ठेवा."

मी विचार न करता माझी विद्वत्ता उघडली. म्हणालो, की तसं केलं तर लोक त्याची फोड 'अ-सूर' अशी करतील. म्हणजे ज्याला सूर नाही तो.

गजाननरावांचा चेहरा पडला. "म्हणजे बेसूर?"

"तसाही अर्थ निघतो."

"माका बेसूर म्हणतले? घोराचा चलात एकवेळ, पण बेसूर?"

ते उठून बागेच्या टोकाला गेले आणि तिथे पाठ करून उभे राहिले. नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तरानु, तुमी वायच गप रवा." प्रमिलानं माझ्या खिशातलं पेन काढून आपल्या पर्समध्ये टाकलं.

शालिनीताईंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं म्हणून प्रसंग निभावला. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात, फणसाची भाजी आणि वर कापलेला हापूस. तिरफळाचा दाणा चावायचा नसतो, हे मला एक दाणा चावल्यावर सांगण्यात आलं. जीभ पंधरा मिनिटं माझी नव्हती, त्यामुळे नावांवर चर्चा आपोआप टळली. आमच्याकडे भरताच्या जेवणानंतर झोप येते, पण ती विचारून येते. इथली झोप न विचारता येऊन बसली. शालिनीताईंनी ओटीवर चटई टाकली. मी नुसता पाठ टेकायला म्हणून आडवा झालो. गजाननराव माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसले होते, अजून रुसलेलेच.

जाग आली तेव्हा ओटीच्या पायऱ्यांवर आंबे भरणाऱ्या सगळ्या बायका उभ्या होत्या. कुणाच्या हातात पेंढा होता, कुणाच्या हातात आंबा. शालिनीताई पदर तोंडाला लावून होत्या. नाना जमिनीकडे बघत होते. आणि गजाननराव माझ्या उशाशी मांडी घालून बसले होते. एका हातात फोन धरलेला आणि चेहऱ्यावर देव पावल्याचा आनंद.

"मास्तरानु," ते म्हणाले, "तुमी देवमाणूस."

मला वाटलं झोपेत मला एखादं चांगलं नाव सुचलं आणि मी ते मोठ्यानं बोललो. तसं नव्हतं. गजाननरावांनी फोन माझ्या कानाशी आणला. त्यातून पहिल्यांदा एक लांब, चढत जाणारा आवाज आला, मग काहीतरी तुटल्यासारखं, मग एक शीळ. मी विचारलं, हे काय आहे.

"ह्या तुमी."

"छे," मी म्हणालो. "मी घोरत नाही."

शालिनीताईंनी सांगितलं, की विहिरीवरचा पंप चालू राहिला असं वाटून दोन गडी तो बंद करायला गेले होते. जाऊन बघतात तर पंप बंदच होता. परत येताना आवाजाच्या मागानं ते ओटीवर पोचले.

मी प्रमिलाकडे बघितलं. ती आंबा खात होती. "लग्न झाल्यापासून सांगतेय," ती म्हणाली. "तुम्ही म्हणायचात, शेजारच्यांचा कूलर आहे."

अठरा मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं. मी ते पुरं ऐकलं नाही. गजाननरावांनी मात्र दोनदा ऐकलं, आणि तेही गायक ऐकतो तसं, मान हलवत. "हयसर बगा, कसो वर जाता," असं ते नानांना दाखवत होते. मग त्यांनी फोन खिशात ठेवला.

"माका वाटला व्हता, ह्या माका एकट्याकच आसा," ते म्हणाले. "माका वाटला, तिणा माझीच खोड गावाक दाखवल्यान. पण तुमी येवढे शिकलेले, येवढ्या लांबसून इलात, आणि तुमी माझ्यापेक्षा..." ते थांबले. पाहुण्याला दुखवायची त्यांची इच्छा नव्हती. "म्हणजे घोरासुर ह्या काय माझा नाव नाय. ती एक जातच आसा."

त्यांनी अंगणात जाऊन फलकावरची कोकमं सुपात भरली, फलक झटकला आणि घडी घालून काखेत मारला. जांभळं नाक काही जाईना. शालिनीताईंनी लिंबू लावून बघितलं, तर ते जास्तच पसरलं. "रवांदे," गजाननराव म्हणाले. "राक्षसाचा नाक आसा."

माझ्या भावनांविषयी त्या वेळी कुणी विचारलं नाही, म्हणून इथे सांगतो. मला लाज वाटत होती. एकतीस वर्षं शाळेत मी डुलकी घेणाऱ्या मुलांना बाकावर उभं केलं होतं. पण व्हॅनमध्ये गजाननराव बहिणीनं दिलेल्या आंब्यांच्या पेट्यांमध्ये अंग चोरून बसले होते आणि हळू आवाजात स्वतःची तिसऱ्या अंकातली भैरवी म्हणत होते. ती इतकी सुरेख होती, की लाज वाटून घ्यायला नीट वेळच मिळाला नाही.

संध्याकाळी गावात पोचलो. सुलभाताई अंगणात सुके बोंबील गोळा करत होत्या. नवऱ्याला बघून त्या उभ्या राहिल्या.

"जेवलात?" त्यांनी विचारलं.

"जेवलंय." गजाननरावांनी फलक जमिनीवर ठेवला. "नाव तांच रवांदे."

"कित्याक?"

गजाननरावांनी माझ्याकडे बघितलं. माझी परवानगी मागत होते, हे मी त्यांच्या बाजूनं मुद्दाम नोंदवतो. मी मान डोलावली. त्यांनी फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं आणि आवाज मोठा केला. शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली. सुलभाताई पहिल्यांदा गंभीर होत्या. शीळ आली तेव्हा त्या बोंबलांच्या टोपलीशेजारी खालीच बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. गजाननरावही हसले. त्या दिवसापासून गावात मला रस्त्यानं जाताना लोक उगाच आदरानं वाट देऊ लागले.

रविवार

सकाळी प्रमिला सुलभाताईंबरोबर बाजारात गेली. परत आली ती मासे ओळखायला शिकून, आणि कपाळावर एक खवला घेऊन. मी फलक लावायला तिठ्यावर गेलो. जांभळ्या नाकाचा राक्षस खरोखरच आधीपेक्षा भयानक दिसत होता. एसटीतून उतरणारी माणसं आधी त्याच्याकडे बघत, मग माझ्याकडे, आणि आपसांत काहीतरी बोलत.

गजाननराव घरी नव्हते. गाव पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून ते पहाटे तीनलाच होडी घेऊन बाहेर पडले होते. दुपारी आले, आंघोळ केली, तोंडाला रंग लावायला बसले. तेव्हा सुलभाताईंनी त्यांना पाचव्या अंकाचा कागद दिला. एकच कागद होता आणि त्यावर एकच ओळ.

"ह्येच्यात बोलूचा काय नाय?" गजाननरावांनी विचारलं.

"काय नाय. फक्त निजा."

"आणि गाणा?"

"गाणा बाकीच्यांका. तुमी निजा."

त्यांना ते आवडलं नाही. पण तोंडाला अर्धा रंग लागलेला होता आणि शिंगं बांधून झाली होती. त्या अवस्थेत माणूस फार वाद घालू शकत नाही.

नाटक चार वाजता देवळाच्या मांडवात सुरू झालं. मासेमारी करणारं गाव, लवकर निजणारं, म्हणून इथे दिवसाउजेडी नाटक करतात. बायका-माणसं सतरंजीवर, चपला मांडवाबाहेर. आम्हाला पहिल्या रांगेत खुर्च्या होत्या. सूत्रधारानं माझी ओळख 'जळगावहून आलेले नावांचे आणि इतर गोष्टींचे जाणकार' अशी करून दिली. मांडव बराच वेळ हसत होता. मी उठून नमस्कार केला.

पहिले चार अंक मी वर्णन करत नाही. एका युद्धात इंद्राची तलवार वाकली आणि त्यानं ती गुडघ्यावर सरळ करून युद्ध पुढे चालू ठेवलं. निद्रादेवीचं काम गावचा वायरमन करत होता. दुसऱ्या अंकात वीज जाऊन माईक बंद पडला तेव्हा ती देवी साडी सावरत विजेच्या खांबापाशी गेली आणि वीज आल्यावर परत येऊन उरलेलं पद म्हणाली. गजाननरावांनी भैरवी गायली तेव्हा मागच्या रांगांतलं एकही लहान मूल रडलं नाही. चौथ्या अंकात ते घोरले. मांडव कोसळायचा बाकी राहिला. शेवटी देव त्यांच्या नाकात औषधाचा थेंब टाकतात आणि आवाज थांबतो.

मग पाचवा अंक. पडदा उघडला तर तिन्ही लोक शांत, आणि सगळे देव कुशी बदलत पडलेले. एकालाही झोप नाही. इंद्र उठून बसतो. वरुण म्हणतो, मला माझ्याच लाटा ऐकू येतात. त्यांनी निद्रादेवीला बोलावलं. वायरमन आला, पदर सावरला आणि गायला:

*शांत जाहले घर हे सारे, लाटही काठी निजली,*
*वाट कोणती धरू मी आता, खूण वाटेची पुसली.*

इंद्रानं विचारलं, कसली खूण? देवी म्हणाली, "मी येत होते ती त्याच आवाजाचा माग धरून. घरात आवाज आहे म्हणजे घरचा माणूस समुद्रावरून परत आला आहे, हे कळायचं, आणि मग मी आत यायचे. आता मी कुणाच्या घरात कशी येऊ?"

मांडवात कुणी हसलं नाही. माझ्या बाजूच्या सतरंजीवर होडीवाल्यांच्या बायका बसल्या होत्या. त्यातली एक दुसरीचा हात धरून होती. मी विंगेकडे बघितलं. सुलभाताई स्टुलावर वही घेऊन बसल्या होत्या, पण वहीत बघत नव्हत्या. त्या राक्षसाकडे बघत होत्या.

सगळे देव समुद्रकाठी गेले आणि हात जोडून राक्षसाला म्हणाले, बाबा रे, पुन्हा घोर. कागदावर जे होतं ते गजाननरावांनी केलं. ते रंगमंचावर मधोमध आडवे झाले, शिंगं सांभाळून. इथे त्यांनी खोटं घोरायचं होतं. नानांनी पेटीवर एकच सूर धरून ठेवला. काहीच आवाज येईना. इंद्रानं पायानं हळूच खुणावलं. नाना सूर धरूनच होते.

मग आवाज आला. खालून, लांबून आल्यासारखा, अगदी सावकाश. तालमीतला नव्हता. पहाटे तीनपासून दर्यात असलेला माणूस पाठ टेकल्यावर जसा झोपेल तसे ते झोपले होते.

देवांनी एकमेकांकडे बघितलं. नाटकाप्रमाणे आता त्यांनी एकेक करून झोपायचं होतं, तसे ते झोपले. निद्रादेवीनं सगळ्यांवरून हात फिरवला आणि ती रंगमंचाच्या पायऱ्यांवर टेकली. पडदा ओढणारा दोरी धरून तयार होता. पडदा जुना होता, त्याच्या लोखंडी कड्या फार वाजत. सुलभाताईंनी विंगेतून हात वर केला.

"पडदो रवांदे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वायच निजांदे तेका."

पुढे काय करायचं ते प्रेक्षकांना कुणीच सांगितलं नाही. मग मागच्या रांगेतली एक म्हातारी उठली, मांडवाबाहेर गेली, आणि तिनं चपला पायात न घालता हातात घेतल्या. तिच्या मागून दुसरी उठली. मग रांगच्या रांग. लहान मुलांच्या तोंडावर हात ठेवून आया बाहेर पडल्या. प्रमिलानं मला कोपर मारलं; आम्हीही उठलो आणि अनवाणी, खडीवर जपून पाय टाकत निघालो. मागे नानांचा तो एक सूर आणि त्याखाली गजाननरावांचं घोरणं बराच वेळ ऐकू येत होतं.

तिठा ओलांडून, आवाज पोचणार नाही इतकं लांब आल्यावर लोक थांबले. चपला खाली ठेवल्या, पायात घातल्या. मग तिथे रस्त्यातच उभं राहून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.